चौदा नंबरांची चीनवारी

चीनच्या ग्रुप व्हिसात प्रत्येकाच्या पासपोर्टवर वेगळा व्हिसा चिकटवत नाहीत. एका कागदावर सगळ्यांची नावे ओळीने छापतात. त्या क्रमाने एकामागे एक उभे राहून चीनमध्ये शिरायचे आणि परतताना पुन्हा सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचे. मधेच कोणाला एकट्याने घरी यावेसे वाटले तर ती सोय नाही. स्वस्त सहलींच्या धंद्यात हा कागद फार लाडका होता.

एप्रिल २०१९च्या अखेरीस साताऱ्यातल्या एका भिशीचे चौदा सभासद असा कागद घेऊन बीजिंगच्या विमानतळावर उतरले. भिशीत चार वर्षे साठलेले पैसे, माणशी नव्वद हजाराला एक रुपया कमी असलेली सहल, आणि वाटेतल्या विमानतळावर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर काढलेले रात्रीचे नऊ तास, एवढी त्यांची पूर्वतयारी होती. कागदावर ज्याचा जो नंबर, तेच पुढचे आठ दिवस त्याचे नाव झाले. भिशीचे खजिनदार १ नंबर. भूगोल शिकवून निवृत्त झालेले गुरुजी ३ नंबर. डॉक्टर ४ नंबर. एसटीत कंडक्टरकी केलेले, कमरेला पानाची चंची असलेले अण्णा ९ नंबर. किराणा दुकानाचे मालक १४ नंबर. एक वहिनी ७ नंबरवर आणि त्यांचे यजमान १३वर गेले होते. “लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण मधे पाच माणसं पहिल्यांदाच आली,” असे वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार होती असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही.

इमिग्रेशनच्या काउंटरवर बोटांचे ठसे द्यावे लागतात. साताऱ्यात २३ एप्रिलला लोकसभेचे मतदान झाले होते. त्यामुळे यंत्रावर ठेवलेल्या प्रत्येक डाव्या तर्जनीवर काळा पट्टा होता. एका बोटावर अधिकारी काही बोलला नाही. दुसऱ्यावर त्याने मान तिरपी केली. पाचवे बोट आले तेव्हा त्याने शेजारच्या काउंटरवरच्या बाईला बोलावले. “व्होट, व्होट!” असे सांगत १ नंबरांनी हवेत बटण दाबून तोंडाने ‘पींऽऽ’ असा आवाज काढला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मुकाट्याने शिक्के मारले.

बाहेर पिवळा झेंडा घेऊन गाइड उभा होता. त्याचे खरे नाव उच्चारण्याचे तीन प्रयत्न फसल्यावर त्यानेच तोडगा काढला. “आमिर म्हणा.” ‘दंगल’ मे २०१७मध्ये चीनमध्ये लागला आणि त्याने तिथे हजार कोटी रुपयांहून जास्त गल्ला जमवला. तेव्हापासून भारतीय गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपे नाव मिळणे कठीण होते.

बसमध्ये बसल्यावर आमिरने माणसे मोजायला सुरुवात केली. ९ नंबर अण्णांना ते बघवेना. बत्तीस वर्षे भरल्या गाडीत माणसे मोजलेला माणूस. त्यांनी आमिरला बाजूला सारले, मागपर्यंत एक फेरी मारली, “चौदा फुल!” म्हणून जाहीर केले आणि दांड्यावर किल्लीने दोनदा टकटक केले. चिनी ड्रायव्हरने गाडी सोडली. डबल बेल ही भाषा जगात कुठेही चालते, असे अण्णांनी त्यानंतर रोज एकदा तरी सांगितले.

फोनवर मात्र काहीच चालेना. गूगल बंद, फेसबुक बंद, व्हॉट्सॲप बंद. हॉटेलच्या वायफायवर साताऱ्याला ‘पोचलो’ एवढे कळवण्याचीही सोय नव्हती. फक्त ११ नंबरने इंटरनॅशनल रोमिंग घेतले होते आणि भारतीय सिमच्या रोमिंगवर व्हॉट्सॲप चालते, हा शोध नाश्त्याच्या वेळी लागला. त्या क्षणापासून पिवळ्या झेंड्यापेक्षा ११ नंबरच्या मागे जास्त माणसे चालू लागली. तो बाथरूमला गेला की बाहेर हॉटस्पॉटच्या टप्प्यात चार जण उभे असत.

नाश्त्याला भाताची पेज होती. चिनी लोक तिला झौ म्हणतात आणि लोणचे लावून खातात. कोकणात माहेर असलेल्या २ नंबर वहिनींनी पहिला घोट घेतला आणि एवढ्या लांब येऊन आजारी माणसाचे जेवण मिळाल्याबद्दल नाराजी दाखवली. मग त्यांनी पर्समधून मेतकूट काढले. तिसऱ्या दिवशी हॉटेलचा एक वाढपी स्वतःहून मेतकूट मागायला आला.

३० एप्रिलला निषिद्ध नगरी झाली. १४०६ ते १४२० या काळात बांधलेला हा राजवाडा ७२ हेक्टरांवर पसरला आहे. मिंग आणि छिंग घराण्यांच्या २४ सम्राटांनी इथून राज्य केले. स्वर्गातल्या राजाच्या महालात दहा हजार खोल्या आहेत, म्हणून पृथ्वीवरच्या राजाने त्याच्याहून अर्धी खोली कमी बांधली, ९,९९९ आणि एक अर्धी, अशी तिथली आख्यायिका आहे. “अर्ध्या खोलीचं भाडं किती?” असे १४ नंबरांनी विचारले. दक्षिणेच्या दारातून शिरायचे आणि उत्तरेच्या दारातून निघायचे. मधले अंतर जवळजवळ एक किलोमीटर. दुपारचे ऊन आणि प्रत्येक दालनाच्या दाराशी माणसांची भिंत. सम्राटाचे सिंहासन बघायचे तर समोरच्या पंधरा जणांनी वर धरलेल्या पंधरा मोबाइलमध्ये ते पंधरा वेळा दिसत होते.

तिआनमेन चौकात याआधीच ३ नंबर गुरुजी हरवले होते. चौक ४४ हेक्टरांचा, आणि पिवळा झेंडा फक्त आमिरकडेच असतो असे नाही. गुरुजी दुसऱ्याच पिवळ्या झेंड्यामागे निघाले. तो गट चिनी निवृत्तांचा होता. त्यांनी गुरुजींना हाकलले तर नाहीच, उलट डोक्यावर लाल टोपी घातली, हातात सोललेली काकडी दिली आणि दोन गटफोटोंत मधोमध उभे केले. गुरुजी सापडले तेव्हा “इतका मान शाळेत निरोप समारंभालाही मिळाला नव्हता,” असे म्हणाले आणि टोपी परत करायला तयार होईनात.

दुसरा दिवस १ मे. साताऱ्याहून निघतानाच ठरले होते की महाराष्ट्र दिन चीनच्या भिंतीवर साजरा करायचा. त्यासाठी १ नंबरांनी बॅगेत भगवा फेटा आणला होता. १ मे हा चीनमध्येही सुट्टीचा दिवस असतो, ही गोष्ट मात्र चौदा जणांपैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. कामगार दिन! त्यातून त्या वर्षी सरकारने ही सुट्टी वाढवून सलग चार दिवसांची केलेली. बीजिंगहून बादालिंगला जाणाऱ्या रस्त्यावर एवढ्या गाड्या होत्या की अण्णांनी खिडकीतून पाहून “स्वारगेट” एवढाच शब्द उच्चारला.

त्या गर्दीतही बस वाटेत थांबली. जेडचा कारखाना आला होता. तिथे एका मुलीने जेडच्या तुकड्याने काचेवर रेघ ओढून दाखवली. खरे जेड काचेला ओरखडा पाडते, काच जेडला पाडत नाही. मग तिने दगडाचा एक गोळा दाखवला. गोळ्यात गोळा, त्यात आणखी एक गोळा, सगळे एकाच दगडातून कोरलेले आणि आतल्या आत फिरणारे. बाहेरचा गोळा आजी-आजोबा, आतला आई-बाबा, त्याच्या आत मुले. एकत्र कुटुंबाचे प्रतीक! एकत्र कुटुंबात एकोणतीस वर्षे काढलेल्या ५ नंबर वहिनींनी गोळा हातात घेऊन हलवून पाहिला आणि “यातून बाहेर पडायला वाट नाही, हे अगदी बरोबर दाखवलंय,” असे म्हणून परत ठेवला. गुरुजींनी डायरीत नोंद केली: जेड, ७५ मिनिटे.

ही डायरी पुढे महत्त्वाची ठरणार आहे. १ नंबर रुपयांचा हिशेब ठेवत होते, म्हणून गुरुजींनी मिनिटांचा ठेवायला घेतला होता.

भिंतीला मिळाली १०० मिनिटे. बादालिंगचा हा भाग मिंग काळातला, १९५७मध्ये डागडुजी करून लोकांसाठी तयार केलेला. २०१२च्या सरकारी मोजणीप्रमाणे वेगवेगळ्या राजवटींनी बांधलेल्या सगळ्या भिंतींची मिळून लांबी २१,१९६ किलोमीटर भरते. त्यांतले साधारण चारशे मीटर भिशीच्या वाट्याला आले, तेही चालून नव्हे. पंढरीच्या दर्शनबारीत माणूस पुढे सरकतो तसे ते सरकले. पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक चार बोटांची, तर पुढची गुडघ्याएवढी. “अजिंक्यतारा बरा,” असे सगळेच म्हणाले. त्यांतल्या निम्म्यांनी अजिंक्यतारा गाडीने चढलेला होता.

वर पोचल्यावर ११ नंबरने गुरुजींना छेडले, “काय गुरुजी, चंद्रावरून दिसते ना ही?” गुरुजींनी तीस वर्षे वर्गात तसे सांगितले होते. ऑक्टोबर २००३मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आला आणि मला भिंत काही दिसली नाही, असे त्यानेच सांगून टाकले. चंद्र तर फार दूर राहिला. गुरुजींनी गर्दीकडे पाहिले. “आज दिसत असेल,” ते म्हणाले. “भिंत नाही, माणसं.”

फेटा बांधला गेला. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ला सूर लागला. दुसऱ्या कडव्याला निम्मे जण गुणगुणण्यावर आले, तिसऱ्याला गुणगुणणेही थांबले. पण फेट्याची बातमी तोवर भिंतीवर पसरली होती. चिनी कुटुंबे रांग लावून १ नंबरांबरोबर फोटो काढू लागली. एका आजीने आपले तान्हे नातवंड त्यांच्या हातात दिले आणि ती मोबाइल शोधत मागे मागे गेली, ती गर्दीत दिसेनाशीच झाली. पुढची सहा मिनिटे महाराष्ट्र दिनाचे यजमान कडेवर चिनी बाळ घेऊन भिंतीवर उभे होते आणि ७ नंबर वहिनी “व्हिसाच्या कागदावर पंधरा नंबर नाहीये हो!” असे ओरडत होत्या. आजी सापडली. बरोबर महिन्याने, १ जून २०१९पासून, बादालिंगला रोज ६५ हजार पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली.

बीजिंगमधल्या उरलेल्या वेळात स्वर्गमंदिर झाले, मोत्यांचे दुकान झाले, चहाचे दुकान झाले आणि औषधांचे झाले. चहाच्या दुकानात चहा म्हणजे काय ते कळले. मराठीने शब्द चीनचा घेतला, पण पुढचे सगळे आपल्या मनाने केले. दूध नाही, साखर नाही, आले नाही आणि कप लिंबाच्या फोडीएवढा. चिनी मातीचे एक नागडे पोर टेबलावर होते. त्याच्यावर गरम पाणी ओतले की ते शू करते. धार लांब गेली तर पाणी चहाला पुरेसे गरम, अशी परीक्षा. साडेतीनशे युआनचा चहा कोणीही घेतला नाही. ते पोर मात्र नऊ जणांनी घेतले.

औषधांच्या दुकानात आधी गरम पाण्यात पाय बुडवायला दिले. पाय बुडालेला माणूस उठून जाऊ शकत नाही, हे त्यांनी नीट ओळखलेले. मग पांढऱ्या कोटातले ‘प्रोफेसर’ आले. नाडी पाहायची, जीभ पाहायची आणि निदान करायचे. चौदा जणांचे निदान एकच निघाले: यकृतात उष्णता. डॉक्टर ४ नंबरांनी आपण स्वतः डॉक्टर आहोत हे सांगितले नव्हते. त्यांनाही सहा महिन्यांचे औषध लिहून मिळाले. मग त्यांनी प्रोफेसरांची नाडी पाहायला मागितली, रक्तदाब वाढलेला आहे असे सांगितले आणि मीठ कमी करायला लावले. यावर दुभाष्याला मधे घेऊन जी चर्चा झाली तिच्यामुळे या दुकानाची वेळ १०५ मिनिटांवर गेली.

स्वस्त सहलीचे गणित इथे उघडे पडते. विमान, हॉटेल, बस आणि दोन्ही वेळचे भारतीय जेवण एवढ्या पैशांत बसत नाही. जी तूट येते ती दुकानांकडून मिळणाऱ्या कमिशनमधून भरून काढतात. चीनमध्ये हा प्रकार इतका माजला होता की १ ऑक्टोबर २०१३पासून लागू झालेल्या पर्यटन कायद्यात त्यासाठी खास कलम घातले गेले: अवाजवी कमी दराची आमिषे दाखवून गट न्यायचे नाहीत आणि प्रवाशांना ठरावीक दुकानांत नेऊन कमिशन खायचे नाही. त्याच कलमात एक फट आहे. प्रवाशाशी आधी ठरले असेल किंवा त्याने मागणी केली असेल, आणि इतरांच्या कार्यक्रमाला बाधा येत नसेल, तर चालते. १ नंबरांनी कार्यक्रमपत्रिका काढली. ‘जेड कारखान्यास भेट’, ‘चहा संस्कृतीची ओळख’, ‘पारंपरिक चिनी औषधांविषयी माहिती’. सगळे आधी ठरलेले होते आणि खाली चौदा सह्या होत्या.

शिआनला जायची गाडी बीजिंग पश्चिम स्थानकावरून. स्थानकात शिरताना सामान एक्स-रेमधून जाते. तिथे ९ नंबर अण्णांची बॅग अडली. आत अडकित्ता होता, पितळी, वडिलांच्या वेळचा. सुरक्षारक्षक बाईने तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि अण्णांच्या बोटांकडे पाहिले. अण्णांनी चंचीतून सुपारी काढून कातरण्याचा अभिनय केला. आमिरच्या डोक्यात प्रकाश पडला. “बिंगलांग!” चीनच्या हुनान प्रांतात सुपारी चघळणाऱ्यांची काही कमी नाही. रक्षक बाई हसली, तिचा साहेब हसला, रांगेतला एक माणूस खिशातून सुपारीची पुडी काढून अण्णांना देऊन गेला. अडकित्ता मात्र जप्त झाला तो झालाच.

गाडी ताशी तीनशे किलोमीटरने धावते. बाराशे किलोमीटर, साडेपाच तास. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, कारण चिनी माणूस गार पाणी पीतच नाही. २ नंबर वहिनींना सासूबाईंची आठवण आली. सव्वा तासाने शिजियाझुआंग स्थानक आले तसे गुरुजी उठून दाराशी गेले. “इथं कोटणीस आहेत,” ते आमिरला म्हणाले. आमिरला ते नाव कळेना. भारतीय डॉक्टर, युद्धात आलेले, इथेच वारलेले, असे सांगितल्यावर त्याचा चेहरा बदलला. “के दिहुआ!” द्वारकानाथ कोटणीसांचे हे चिनी नाव. जन्म सोलापूरचा, १९१०चा. जपानी आक्रमणाच्या काळात, १९३८मध्ये, भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. १९४२च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच मरण पावले. शांतारामबापूंनी १९४६मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. त्यांची समाधी या शहरात आहे.

गाडी दोन-तीन मिनिटे थांबली. चौदाही जण काही न बोलता खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर फक्त फलाट दिसत होता. गुरुजींनी डायरीत स्थानकाचे नाव लिहिले आणि मिनिटांची जागा कोरी ठेवली.

शिआनजवळची मातीची सेना मार्च १९७४मध्ये सापडली. दुष्काळात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीला आधी मातीचे तुकडे लागले, मग मुंडकी. छिन शी हुआंग हा चीनचा पहिला सम्राट, इ.स.पू. २१०मध्ये मेलेला. मेल्यावर पहारा हवा म्हणून त्याने सुमारे आठ हजार सैनिक पुरून ठेवले असावेत, असा अंदाज आहे. पहिला खंदक २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. विहिरीची हकिगत ऐकून ६ नंबर फार अस्वस्थ झाले. त्यांची शेती माण तालुक्यात. “आमच्याकडं चार विहिरी खणल्या,” ते म्हणाले. “पाणी नाही ते नाही, एक शिपाईसुद्धा लागला नाही.”

ह्युएन त्संगाच्या पॅगोड्याला मिळाली २० मिनिटे, तीही बाहेरून. भारतातून आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी इ.स. ६५२मध्ये तो बांधला गेला. सात मजले, ६४ मीटर. ह्युएन त्संग पुलकेशी दुसरा राज्य करत असताना महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या लोकांविषयी लिहून गेला: मानी, उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे, पण सूड घेण्याआधी शत्रूला कळवणारे. गुरुजींनी हे सांगताच १ नंबरांनी तिथेच टूर कंपनीला ईमेल लिहायला घेतला. “आधी कळवतो,” ते म्हणाले. ११ नंबरचा डेटा संपला होता.

शांघायमध्ये रेशमाच्या कारखान्यात सगळ्यांना चारी कोपरे धरून कोशाचा तुकडा ताणायला लावले. हातरुमालाएवढा तुकडा ताणत ताणत पलंगाएवढा होतो आणि असे थर रचून रजई बनते. पाच रजया विकल्या गेल्या. साताऱ्याच्या मे महिन्यात त्या कोण पांघरणार, हा प्रश्न विमानात पडला. विमानतळाची मॅग्लेव्ह गाडी ‘ऑप्शनल’ होती, पन्नास युआन जास्तीचे. तेव्हा ती ताशी ४३१ किलोमीटरचा वेग घ्यायची, पण अंतरच ३० किलोमीटर, त्यामुळे हा आकडा जेमतेम मिनिटभर फलकावर राहायचा. चौदा जणांनी त्या मिनिटात आकड्याचे फोटो काढले. खिडकीबाहेर कोणीच पाहिले नाही.

परतीच्या विमानात गुरुजींनी बेरीज केली. तिआनमेन आणि निषिद्ध नगरी १३०, भिंत १००, स्वर्गमंदिर ५०, मातीची सेना ७५, पॅगोडा २०, शांघायचा नदीकाठ ४५. एकूण सात तास. जेड ७५, मोती ५५, चहा ६५, औषधे १०५, मातीच्या पुतळ्यांचे दुकान ५०, रेशीम ८०. एकूण सात तास दहा मिनिटे. वरची दहा मिनिटे डॉक्टरांच्या नावावर टाकावीत, असे सर्वानुमते ठरले.

भिशी पुन्हा सुरू झाली आहे. अशा सहलीला जाणाऱ्यांनी कार्यक्रमपत्रिकेतल्या ‘भेट’, ‘ओळख’ आणि ‘माहिती’ या तीन शब्दांखाली रेघ ओढावी आणि सही त्यानंतर करावी. १ मे आणि १ ऑक्टोबर या सुट्ट्यांचे आठवडे टाळावेत. रोमिंग दोघांनी तरी घ्यावे. आणि अडकित्ता घरी ठेवावा, सुपारी कातरूनच न्यावी.